बिनदिव्याची सायकल

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की सबंध साम्राज्य आपल्या फौजा, आरमारं, न्यायासनं आणि तुरुंग यांच्यासह त्या एकट्याच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहतं आणि त्याला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारतं. त्या क्षणी माणूस कसा सापडतो, यावरून त्याची खरी योग्यता ठरते. यज्ञेश्वर वामन उमराणीकर यांच्या आयुष्यात हा क्षण आला तेव्हा ते पाटावर बसून टाचेच्या भेगांना कोकमतेल चोळत होते, आणि साम्राज्याला तहान लागली होती.

"आधी पाणी द्या की मास्तर," साम्राज्य म्हणालं. "लई ऊन हाय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, यज्ञेश्वराच्या बायकोनं, अनसूयेनं, आणलेला तांब्या वरून ओतून रिकामा केला, मिशा पुसल्या, आणि मग खिशातला छापील कागद काढला. "हितं सही करा. समन्स हाय तुमच्यावर."

यज्ञेश्वरानं तेलकट बोटांनी सही केली. शिपाई गेला, त्याचे बूट जिन्यावरून खाली उतरत गेले आणि खालच्या कोष्ट्याच्या मागांच्या खटखटीत मिसळून दिसेनासे झाले. खरं म्हणजे ऐकू येईनासे झाले, पण त्या घरात खटखट इतकी भरलेली असायची, की आवाजही डोळ्यांनीच शोधावे लागत. अनसूया दाराआडून पुढं आली. मार्शल लॉ उठून तीन-चार वर्षं झाली होती, पण खाकी कपडा जिना चढू लागला की सोलापुरातल्या बायका अजून दाराआड व्हायच्या. "काय केलंत हो?" तिनं विचारलं. 'काय झालं' असं नाही, 'काय केलंत'. यज्ञेश्वरानं कागद वाचला. छापील ओळींमधल्या मोकळ्या जागा कुणीतरी घाईच्या मोडीत भरल्या होत्या. मौजे टेंभुर्णीच्या शिवारात, लोकल बोर्डाच्या रस्त्यावर, सूर्यास्तानंतर, मागे एक इसम बसवून, बिनदिव्याची सायकल चालविली म्हणून यज्ञेश्वर वामन उमराणीकर, धंदा मास्तरकी, यांनी तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर जातीने हजर व्हावे.

यज्ञेश्वराला सायकल येत नव्हती.

ही गोष्ट त्यानं लपवलेली नव्हती, तिचा त्याला फारसा खेदही नव्हता. कॉलेजातून परत आल्यावर मुकुंदानं त्याला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी शिकवायचा घाट घातला होता. मुकुंद वैरागकर, त्याचा मित्र. मित्र म्हणण्यापेक्षा त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणावं असा. मुकुंदाला सायकल, पोहणं, पेटी, अनोळखी माणसाशी गप्पा, सगळं यायचं. यज्ञेश्वराला संस्कृत यायचं. मुकुंद सीट धरून मागं धावत होता आणि ओरडत होता, "मार पायडल! धरलंय मी! सोडत नाही रे!" यज्ञेश्वर पायडल मारत होता. तळ्यावरचा वारा धोतरात भरत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला असं वाटलं, की आपलंही शरीर म्हणजे नुसतं डोकं वाहून नेणारं खोगीर नाही. "धरलंय ना?" त्यानं विचारलं. "धरलंय!" उत्तर आलं, पण फार लांबून आलं. मागं कुणीच नव्हतं. केव्हापासून नव्हतं हे त्याला कधीच कळलं नाही, आणि विचारायचंही राहून गेलं, कारण तेवढ्यात तो भाजीवाल्या तानाबाईच्या वांग्यांच्या ढिगात शिरला. "सगळा रस्ता सोडून माज्याच वांग्यावर पडायचं व्हतं व्हय रं?" तानाबाई म्हणाली होती. मुकुंद हसत हसत धावत आला, त्याला उचललं, तानाबाईची समजूत काढली, आणि म्हणाला, "सोडल्याशिवाय कुणी शिकतं का वेड्या?" ते पटलं होतं. तेव्हापासून यज्ञेश्वर मुकुंदाच्या सायकलवर मागं बसत आला होता. शाळेत जाताना, येताना, बाजारात, कुणाच्या लग्नाला. पुढं मुकुंदाची पाठ, कोटाला खडूचा आणि घामाचा वास. जग त्याला नेहमी त्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी दिसलं, मधलं कधी दिसलं नाही.

म्हणून कागद पुन्हा वाचताना त्याची नजर 'मागे एक इसम बसवून' या शब्दांवर अडली, आणि क्षणभर त्याला खरंच वाटलं, की तो इसम आपणच. टेंभुर्णीच्या रस्त्यावर, काळोख पडताना, आपण मागं बसलो होतो आणि पुढंही आपणच होतो. हे शक्य नव्हतं. पण सरकारी शिक्का बसलेल्या कागदावर अशक्य गोष्ट इतक्या ठामपणे लिहिलेली असली, की माणूस आधी स्वतःला तपासून बघतो.

बाकी सगळं बरोबर होतं. वडलांचं नाव बरोबर. वय बरोबर. राहणार नवी पेठ, कोष्ट्याच्या मागांच्या वर, पहिला मजला, हेही बरोबर. एवढं त्याला स्वतःलाही कुणी घाईत विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो वयात नेहमी चुकायचा. म्हणजे सांगणाऱ्याला तो स्वतःपेक्षा जास्त पाठ होता.

"कधीचं म्हणतात हे?" अनसूयेनं विचारलं. त्यानं तारीख सांगितली. तिला तारखा कळत नसत, वार कळत आणि वारांवर शिजवलेलं अन्न कळे. बोटं मोजून ती म्हणाली, "म्हणजे तो गुरुवार की. मुकुंदभावजींना ताप आला होता, मी मुगाचं कढण पाठवलं तो." मग तिचा चेहरा उजळला. "हे समन्सचं भावजींनाच विचारा ना. त्यांना कोर्टकचेरीतलं कळतं."

खाली माग खटखटत होते. यज्ञेश्वरानं दुसऱ्या टाचेला तेल लावायला घेतलं आणि ते कढण त्याच्या मनात आलं. ते त्यानं स्वतः नेलं होतं, झाकणाच्या डब्यात, फडक्यात बांधून. मुकुंदाच्या बायकोनं, वच्छलावहिनींनी, दार अर्धंच उघडलं होतं. "आत्ताच डोळा लागलाय," त्या कुजबुजल्या होत्या, आणि डबा आत घेतला होता. तोही कुजबुजत म्हणाला होता, "गरम आहे तोवर घ्यायला सांगा." त्या दिवशी शाळेत त्यानं मुकुंदाचे तास घेतले होते. संस्कृतच्या मास्तरानं पाचवीच्या पोरांना भूगोल शिकवला होता, आणि भीमा नदी वाहती ठेवता ठेवता त्याला घाम फुटला होता. मुकुंद जर टेंभुर्णीच्या रस्त्यावर होता, तर ते कढण कोण प्यालं?

इतका क्षुद्र प्रश्न मनात येतोच कसा, याची त्याला लाज वाटली. पण मोठे प्रश्न त्या क्षुद्र प्रश्नाच्या मागं रांगेत उभे होते, आणि पहिला हलल्याशिवाय त्यांना पुढं यायला वाट नव्हती.

मोठा प्रश्न आबासाहेबांचा होता. शाळेचे हेडमास्तर दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते. जागेवर दोघांचाच हक्क होता, यज्ञेश्वराचा आणि मुकुंदाचा, आणि निवड करणार होते संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, राहणार टेंभुर्णी. आबासाहेब गाव सोडून कुठं जात नसत. शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती, नुसती चालवली होती. मास्तर लोकांची तोंडं त्यांना ठाऊक नव्हती, नावं ठाऊक होती. ज्यांना काही हवं असे ते टेंभुर्णीला जाऊन त्यांच्या ओसरीवर बसत, आणि बहुधा ते त्यांना मिळे. म्हणून एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, पाण्याच्या रांजणापाशी उभे राहून दोघांनी एकमेकांना वचन दिलं होतं, की आबासाहेबांच्या दारी जायचं नाही. ज्याला मिळेल त्याला मिळेल. कल्पना यज्ञेश्वराची. मुकुंदानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "तू झालास तर तुझ्या हाताखाली मी आनंदानं राबेन," मुकुंद म्हणाला. यज्ञेश्वरही तेच म्हणाला, पण त्याचे डोळे भरले नाहीत, आणि घरी जाताना, मागं बसल्या बसल्या, आपण कमी प्रेमळ आहोत की काय, या विचारानं तो खिन्न झाला होता.

सोमवारी शाळेत मुकुंद नेहमीसारखाच होता. हेच वाईट होतं. त्यानं नेहमीसारखी सुपारी कातरली, अर्धी यज्ञेश्वराच्या तळहातावर ठेवली, ड्रॉइंग मास्तरांची नक्कल केली. यज्ञेश्वर हसला, आणि हसताना त्याला जाणवलं, की हे हसू तापाचं सोंग केलेल्या माणसाकडून घेतलेलं आहे. कालपर्यंत ज्या चेहऱ्याकडे बघावं लागत नव्हतं, तो आता बघावा लागत होता. उजव्या भुवईखाली एक तीळ होता. हा पहिल्यापासून होता का?

"मुकुंद," तो म्हणाला, शक्य तितक्या सहज, "टेंभुर्णीला कधी गेलायस का रे तू?"

"टेंभुर्णी?" मुकुंदानं सुपारी चघळली. "नाही बुवा. कुणीकडं आली ती?"

मुकुंद वैरागकर शाळेत भूगोल शिकवत असत. ते बसले होते तिथं त्यांच्या डोक्यामागं, भिंतभर, सोलापूर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता, आणि टेंभुर्णी त्यांच्या डाव्या कानाच्या वर, वीतभर अंतरावर होती.

"माढ्याकडं असावी," यज्ञेश्वर म्हणाला.

"असेल," मुकुंद म्हणाला. "का रे?"

"काही नाही. एक मुलगा आलाय तिकडचा."

आणि तेवढ्यावर सगळं संपलं. म्हणजे सुरू झालं. खोटं बोलणं त्याला समजू शकलं असतं. हेडमास्तरकीचा मोहही समजला असता. त्याला स्वतःला तो रोज पहाटे होत होता, दात घासताना. पण आपल्या तोंडावर एका गावाला नकाशातून पुसून टाकणं, तेही इतक्या सफाईनं, खडूची पूडसुद्धा न उडवता! मग मागची सगळी वर्षं तो मनात एकेक करून उचलून उजेडात धरू लागला. 'तुझ्यासाठी आईनं लाडू पाठवले' म्हणाला होता, ते आईनंच पाठवले होते का? 'हेडमास्तरांपाशी तुझी स्तुती केली' म्हणाला होता, ती कुणाची केली होती? 'धरलंय मी' म्हणाला होता. पोस्टातून आलेल्या नोटांच्या गड्डीत एक खोटी निघाली की सगळ्या पुन्हा चाचपाव्यात, तसं ते होतं. फक्त इथं बदलून द्यायला खिडकी नव्हती.

त्यानं ठरवलं, की मित्राला जाब विचारायचा नाही. मित्राला विचारलं की तो हसतो, खांद्यावर हात टाकतो, आणि आपण उलट त्याचीच क्षमा मागून परत येतो. तालुक्याला जायचं. मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं. शपथेवर सांगायचं, 'साहेब, मला सायकल येत नाही. माझं नाव सांगणारा इसम मुकुंद नरहर वैरागकर.' सरकारी माणसाला खोटं नाव सांगणं हा दिवा नसण्यापेक्षा फार मोठा गुन्हा, एवढं संस्कृतच्या मास्तरालाही माहीत होतं. मुकुंदाची मास्तरकी गेली असती, हेडमास्तरकीचं तर नावच नको. हे वाक्य तो दिवसरात्र घोकत राहिला. मागांच्या खटखटीला त्याचा ताल आपोआप बसत गेला: मला-सायकल, येत-नाही, मला-सायकल, येत-नाही. शेवटचा भाग, नावाचा, मात्र तालात बसेना.

रजा मागताना त्यानं मावशीच्या वर्षश्राद्धाचं कारण दिलं. मावशी हयात होती. "जा तू," मुकुंद म्हणाला. "तुझे तास मी घेतो. काळजी करू नकोस." त्याच्या आवाजात इतकी माया होती, की यज्ञेश्वराला मावशीबद्दल खरंच वाईट वाटलं.

पॅसेंजरनं आणि मग मोटारीनं, गुडघे दुसऱ्यांच्या गाठोड्यांवर ठेवून, तो तालुक्याला पोचला. कचेरीपुढं चिंचेखाली माणसं बसली होती. सगळ्यांचे गुन्हे रस्त्यावरचे. कुणाच्या मोटारीत माणसं जास्त, कुणाच्या गाडीला दिवा कमी. शेजारी पटका गुडघ्यावर ठेवून एक म्हातारा तंबाखू मळत होता. त्यानं नाव सांगितलं रावजी, आणि गुन्हाही नावासारखाच सहज सांगितला.

"बैलगाडीला कंदील न्हवता. व्हता, पर पेटला न्हवता. मी झोपलोय, बैलं चालल्यात. बैलास्नी दिसतंय की! त्यो पोलीस म्हनला, तुला दिसत न्हाय. म्हनलं, मला कशाला दिसाय पायजे, मी काय गाडी वडतोय व्हय?" त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "तुमचं काय?"

"सायकल. बिनदिव्याची."

"तुमची?"

"माझी नाही. मला सायकल येतच नाही."

"मंग चालवली कशाला?" रावजी म्हणाला.

यज्ञेश्वरानं समजावून सांगितलं, की चालवली नाही. दुसऱ्यानं चालवली आणि नाव आपलं सांगितलं. हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. चिंचेखालच्या चारदोन माणसांनी माना वळवल्या. रावजीनं तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"शत्रू असंल कुनी."

"मित्र आहे."

"मंग बरूबर हाय," रावजी म्हणाला. "शत्रूच्या ध्येनात कुटलं ऱ्हातंय तुमच्या बापाचं नाव!"

दारात पट्टेवाला उभा राहून नावांचा पुकारा करत होता. प्रत्येक नाव तीनदा, छताकडे बघून, जणू माणूस आढ्यातून खाली येणार आहे. जो 'हाजिर' म्हणून पुढं होई तो आरोपी. रावजीला हाक आली, तो पटका बांधत आत गेला आणि शिंकेला लागावा तेवढ्या वेळात बाहेर आला. "झालं. कबूल म्हनलं की झालं. तुमीबी कबूल म्हना." तो आपल्या बैलांकडे निघून गेला. यज्ञेश्वर पुकाऱ्याकडे कान लावून बसला. आता आपलं नाव येईल. ते नाव आता दोघांचं होतं, त्याचं आणि मुकुंदाचं. तो उठून उभा राहील, आणि एका वाक्यात आपला उरलेला अर्धा भाग कापून टेबलावर ठेवील. त्याला मुकुंदाची पाठ दिसली, कोटावरचा खडू दिसला. मग तो डावा कान दिसला, वर टेंभुर्णी असलेला, आणि त्याचा निश्चय पुन्हा घट्ट झाला.

नाव आलंच नाही. चिंचेखालची सावली माणसांसकट सरकत गेली, माणसं संपली, पट्टेवाल्यानं दाराला पाठ टेकून विडी पेटवली. यज्ञेश्वर आत गेला. साहेब जेवायला उठले होते. टेबलामागं एक जाडसर कारकून पानाला चुना लावत बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज गोड. चनबसप्पा, असं पट्टेवाल्यानं त्याला हाक मारली म्हणून कळलं. यज्ञेश्वरानं समन्सचा कागद त्याच्यापुढं धरला.

"उमराणीकर?" कारकून म्हणाला. "बिनदिव्याची सायकल? अय्यो, ते निकालात निघालं की हो. मागल्या आठवड्यातच."

"निकालात? मी तर आज आलोय."

"तुमी आज आलाय. पण ते त्यादिवशी आले होते की." चनबसप्पानं पान दुमडलं. "समन्स गावाला गेलेलं आमचं, आणि हे आपल्या पायानं हजर! म्हणाले, उगीच कागद घरी जाईल, मंडळी घाबरतील, आत्ताच पुकारा करा माझा. साहेब खूश झाले. पुकारा झाला, हाजिर म्हणाले, कबूल म्हणाले, दंड भरला, नमस्कार केला, गेले. समन्स परत घ्यायचं तेवढं आमच्याकडनं राहिलं."

"कोण आले होते?"

"यज्ञेश्वर मास्तर. दुसरं कोण?"

हाजिर. कॉलेजात, पहाटेच्या तासाला, यज्ञेश्वर खोलीवर झोपलेला असायचा आणि मुकुंद वर्गात त्याच्या नावाला ओ द्यायचा, आवाज जरा नाकात काढून. सबंध कॉलेजात यज्ञेश्वराचा हजेरीत एक खाडा नव्हता. प्राध्यापकांनी निरोपसमारंभात त्याच्या नियमितपणाचं कौतुक केलं होतं, आणि दोघं एकमेकांना चिमटे काढून हसले होते. ते हसू आता त्याला आठवलं तसं कानात वाजलं, पण एकाच गळ्यातून. इतकी वर्षं मुकुंद आपल्या नावानं हजर राहतोय, आणि आपण कुठंतरी झोपलेलो आहोत.

"पण दिवा का नव्हता, विचारलं नाहीत त्यांना?" त्यानं विचारलं. आपला आवाज त्याला कुणा वकिलाचा वाटला.

"विचारलं की साहेबांनी. सायकल आबासाहेबांची होती म्हणे, टेंभुर्णीच्या. परत न्यायला त्यांचाच गडी मागं बसवला होता. यांना स्टेशन गाठायचं होतं, बोलता बोलता उशीर झाला, काळोख पडला." चनबसप्पा पुढं वाकला, त्याच्या गोड आवाजात आदर आला. "आणि बोलणं कशापायी? स्वतःसाठी न्हाई हो! यांच्या शाळेत हेडमास्तरची जागा आहे. एक हे, आणि एक यांचा मित्र, वैरागकर की कोण. तर हे यज्ञेश्वर मास्तर उठून आबासाहेबांकडं गेले आणि म्हणाले, मला नको, माझ्या मित्राला द्या, तो माझ्यापेक्षा लायक आहे. कोण करतं हो असं? आबासाहेबांनी मिठी मारली म्हणे. आमचे साहेबसुद्धा म्हणाले, असा आरोपी आमच्यापुढं पहिल्यांदा आला. गावात सगळ्यांना माहीत झालंय. लई मोठ्या मनाचा माणूस!"

खोलीत पंखा नव्हता, तरी कुठूनतरी कागद फडफडत होते. यज्ञेश्वराला बसावंसं वाटलं, आणि खुर्ची नव्हती. म्हणजे मुकुंद मुकुंद म्हणून गेलाच नव्हता. तो यज्ञेश्वर म्हणून गेला, यज्ञेश्वर म्हणून ओसरीवर बसला, यज्ञेश्वराच्या तोंडानं मुकुंदाची स्तुती केली, आणि मागं आबासाहेबांचा गडी बसला असताना पोलिसानं नाव विचारलं तेव्हा त्याला दुसरं नाव सांगणं शक्यच नव्हतं. वचनाची तर त्यानं किती काळजी घेतली होती! मुकुंद आबासाहेबांच्या दारी गेला नव्हता. गेला होता तो यज्ञेश्वर. वचन यज्ञेश्वरानंच मोडलं होतं. आणि तरी, त्या मोडण्यातसुद्धा, तो किती चांगला वागला होता. त्या ओसरीवर मुकुंदानं उभा केलेला माणूस डोळ्यांसमोर आला: नाकात बोलणारा, मित्रासाठी हात जोडणारा, मिठीत घेतलेला. आपण खरोखर गेलो असतो तर असं बोललो असतो का? दात घासतानाच्या त्या पहाटा त्याला आठवल्या. नाही. त्या माणसाचा त्याला हेवा वाटला, आणि मग असा संताप आला, की बोटं टेबलाच्या कडेवर गच्च बसली. चोरलं हे एक झालं. पण चोरलेल्या मालाला अशी झिलई देऊन गावभर मिरवावी? आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? 'तो मोठ्या मनाचा माणूस मी नव्हे'? हे शपथेवर सांगायला एवढ्या लांब यायचं?

बाहेर पट्टेवाला खोकला. साहेबांची चाहूल लागली होती. चनबसप्पानं पान तोंडात सारलं, टोपी सारखी केली, आणि प्रथमच यज्ञेश्वराकडे नीट पाहिलं.

"साहेब येतायत. काही सांगायचं असलं तर सांगा की त्यांना. आणि तुमी कोण म्हणालात?"

वाक्य तयार होतं. इतक्या दिवसांची खटखट त्याच्यामागं उभी होती. मला-सायकल, येत-नाही. त्यानं तोंड उघडलं.

"वैरागकर," तो म्हणाला. "मुकुंद नरहर वैरागकर."

किती सोपं होतं ते! स्वतःचं नाव सांगताना जीभ नेहमी थोडी अडखळायची. हे मात्र मुलायम निघालं, मागून कुणी हलकेच ढकलल्यासारखं. वडलांचं नाव, वय, पत्ता, सगळं लगोलग जिभेवर येऊन थांबलं होतं; कुणी विचारण्याचीच खोटी. त्याला वाटलं, आता या नावानं काहीही करता येईल. या कारकुनाच्या कानाखाली वाजवता येईल, साहेबांना शिवी देता येईल, उद्या तुरुंगात मुकुंद वैरागकर जाईल. क्षणभर ते सगळं त्याच्या हातांत आलं. पण मुकुंद असं कधी वागला नसता, आणि आपण मुकुंद म्हणून वाईट वागलो तर ते कुणाला पटणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि हातातलं सगळं गळून गेलं.

"अय्यो!" चनबसप्पा उठून उभा राहिला. "म्हणजे तुमीच ते! बसा, बसा की. अरे, खुर्ची आण यांना! मित्राची काळजी म्हणून आलात होय इतक्या लांब? काय जोडी आहे हो. आणि कसे आहेत ते, यज्ञेश्वर मास्तर?"

यज्ञेश्वर खुर्चीवर बसला. खिडकीतून चिंच दिसत होती, खाली आता कुणी नव्हतं. प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस खोलीत तेवढा एकच होता.

"बरा आहे," तो म्हणाला. "जरा भोळा आहे, एवढंच."

"असणारच," चनबसप्पा म्हणाला. मग त्यानं दाराकडे पाहिलं, साहेब अजून पायरीवरच आहेत याची खात्री केली, टेबलावरून पुढं वाकला, आणि आवाज अगदी खाली आणला. "हेडमास्तर झालात की एक काम करा आमचं. शाळेत खडूचे तुकडे उरत असतील, वापरलेले. तेवढे पाठवून द्या. मुंग्या फार झाल्यात घरी. मंडळींना उंबऱ्यावर रेघ ओढायला लागतात."